अडचणीतल्या किशोरांच्या कोकणातल्या निवासी शाळेत कलावर्ग उभारताना

मुलाने स्वतःचं चित्र टराटरा फाडलं तर शिक्षकाने काय करायचं, हे ठरलेलं नसेल तर कलावर्ग सुरू करू नये. अशा शाळेत ही वेळ हमखास येते, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच. घरातून पळालेली, व्यसनात अडकलेली, मारहाण सोसलेली, कायद्याच्या कचाट्यात आलेली, शाळेने दार बंद केलेली अशी 13 ते 17 वर्षांची मुलं-मुली इथे राहतात. त्यांच्या मालकीचं फार थोडं असतं. अंथरूण शाळेचं, ताट शाळेचं, दिवसाचं वेळापत्रकही शाळेचं. कलेच्या तासाला होणारं काम मात्र त्यांचं असू शकतं. ते ठेवायचं, लपवायचं, दाखवायचं की फाडायचं, हा हक्क मुलाचा आहे असं आधी ठरवा आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. पुढच्या बहुतेक अडचणींची उत्तरं या एका निर्णयातून निघतात.

फाडलेल्या चित्राचंही तसंच. तुकडे उचलू नका, "अरे, किती छान होतं" असं म्हणू नका. शांतपणे विचारा, "तुकडे टाकायचे की पाकिटात ठेवायचे?" प्रत्येक मुलाच्या नावाचं एक मोठं खाकी पाकीट असावं. पुष्कळ मुलं तुकडे पाकिटात टाकतात आणि काही आठवड्यांनी स्वतःच मागतात. तेव्हा ते नव्या कागदावर चिकटवून पुढे नेता येतात.

जागा आणि माणसं

एका गटात 8 ते 10 मुलं आणि दोन मोठी माणसं. एक कलाशिक्षक, दुसरे गृहपिता, गृहमाता किंवा समुपदेशक. दुसरं माणूस पहारा द्यायला नसतं, तेही मुलांबरोबर बसून काम करतं. हात बांधून दाराशी उभं राहिलेलं माणूस वर्गाचं निरीक्षणगृह करून टाकतं. एकट्या शिक्षकाने तास घेऊ नये. एखादं मूल रडत बाहेर गेलं तर त्याच्यामागे जायला कुणीतरी हवं आणि उरलेल्या नऊ जणांपाशी थांबायलाही.

टेबलं भिंतीकडे सरकवून मुलांना अशा रीतीने बसवा की कुणाचीही पाठ दाराकडे येणार नाही. मार खाल्लेल्या मुलाचं लक्ष पाठीमागे कोण आलं याकडेच असतं, मग हात चालत नाही. एका कोपऱ्यात चटई, पाण्याची बाटली आणि कोरे कागद ठेवा. तिथे जाऊन बसायला परवानगी लागत नाही, फक्त सांगून जायचं. तो कोपरा शिक्षा म्हणून एकदा जरी वापरला तरी पुन्हा तिथे कुणी आपणहून जाणार नाही.

मुलाचा हात धरून रेघ काढून देऊ नका. दाखवायचं असेल तर स्वतःच्या कागदावर दाखवा. खांद्यावर हात ठेवण्याआधीही विचारा.

कोकणातली इमारत जांभ्या चिऱ्याची, कौलारू आणि पावसाळ्यात घाम फुटल्यासारखी ओलसर असते. कागद भिंतीला टेकवून ठेवले तर पंधरा दिवसांत त्यांवर बुरशीचे ठिपके दिसतात. फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर, झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. आकाश उघडलं की महिन्यातून एकदा उन्हं दाखवा. रंगाच्या ब्रशांचे केसही कुजतात, म्हणून ते धुऊन आडवे वाळवायचे आणि नंतरच डब्यात उभे करायचे.

हत्यारं: मोजणी आणि फळी

भिंतीवर एक प्लायवूडची फळी लावा. प्रत्येक कात्री, पट्टी, कोरणी खिळ्यावर टांगून तिच्याभोवती जाड रंगाने बाह्यरेषा काढा. जागा रिकामी राहिली की लांबूनच दिसते. प्रत्येक वस्तूवर नंबर घाला. तासाच्या सुरुवातीला एक मूल मोठ्याने मोजतं, शेवटी तेच मूल पुन्हा मोजतं. हे काम आळीपाळीने सगळ्यांकडे जावं, अगदी ज्याच्यावर तुमचा विश्वास बसलेला नाही त्याच्याकडेही. वस्तू कमी पडली तर कुणी जागेवरून हलायचं नाही आणि कुणाची झडतीही लगेच घ्यायची नाही. आधी जमीन, कागदांचा ढीग आणि मातीची बादली बघा. हरवलेली वस्तू बऱ्याचदा तिथेच सापडते, आणि विनाकारण घेतलेली झडती मुलं महिनोन् महिने विसरत नाहीत.

सुटे शार्पनर वर्गात आणू नका. टेबलाला स्क्रूने बसवलेलं फिरकीचं शार्पनर घ्या किंवा पेन्सिली आधीच टोकदार करून आणा. कात्र्या बोथट टोकाच्या. कटर फक्त शिक्षकाकडे. थिनर, व्हाइटनर, चपला चिकटवायचा रबरी गोंद आणि स्पिरिटवर चालणारे मार्कर या वस्तू शाळेच्या फाटकाच्या आत येऊ नयेत, कारण हुंगण्याची सवय असलेल्या मुलाला तो वास लांबून ओळखता येतो. पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद आणि घरी शिजवलेली खळ एवढ्यावर सगळी कामं होतात.

तासाची घडी

75 मिनिटांचा तास आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी. त्याशिवाय रविवारी सकाळी एक तास खोली नुसती उघडी, ज्याला यायचं त्याने यावं. तासाची पहिली 10 मिनिटं हात चालू करायला जातात: ठिपक्यांची रांगोळी कागदावर, डोळे मिटून रेघ, डाव्या हाताने वर्तुळं. मग 45 मिनिटं काम. काम संपायच्या 10 मिनिटं आधी इशारा द्या, फळ्यावर घड्याळही काढून ठेवा. "चला, आवरा" असं एकदम म्हटलं की वर्ग बिथरतो. या मुलांच्या आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टी न सांगता अचानक तुटलेल्या असतात. आवरणं आणि मोजणी 10 मिनिटं, आणि शेवटची 10 मिनिटं बघण्यासाठी. ज्याला दाखवायचं त्याने दाखवावं, बाकीच्यांनी कागद पालथा ठेवला तरी चालतो.

काम बघताना "छान" हा शब्द टाळा. मुलाला वाटतं, हे सगळ्यांनाच म्हणतात. दिसतंय ते बोला: "या कोपऱ्यात तू तीनदा रंग चढवलास, म्हणून तो भाग जड झालाय." किंवा विचारा, "ही होडी किनाऱ्याला लागतेय की निघालीय?" प्रश्न चित्राबद्दल असावा, मुलाबद्दल नसावा. "हा मुलगा तूच आहेस ना?" हा प्रश्न कधीही विचारू नका.

काळा रंग वापरला म्हणून मूल उदास, झाडाला मुळं काढली नाहीत म्हणून त्याला आधार नाही, असले अर्थ कलाशिक्षकाने लावायचे नाहीत. काळा रंग बहुतेक वेळा हाताशी असतो म्हणून वापरला जातो. अर्थ लावणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे, आणि तेही फक्त एका चित्रावरून करत नाहीत.

पहिले सहा आठवडे

"माझं घर", "माझं कुटुंब", "माझी आई" हे विषय पहिल्या तीन महिन्यांत फळ्यावर लिहू नका. चित्रकलेच्या तासाला हे विषय सहज दिले जातात आणि इथे नेमके तेच घात करतात. चेहरेही नकोत. सुरुवात वस्तूंपासून, पोतापासून करा.

पहिला आठवडा फक्त कोळशाचा. कोळशाच्या कांड्या मुलांनीच बनवाव्यात. मऊ लाकडाच्या, करंगळीएवढ्या जाड, वीतभर लांबीच्या काड्यांची साल सोलून त्या आठवडाभर वाळवा. पत्र्याच्या डब्यात घट्ट उभ्या भरा, मोकळ्या जागेत कोरडी वाळू घाला, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा. डबा चुलीत ठेवा. भोकातून आधी पांढरी वाफ येते, मग पिवळसर धूर. धूर थांबला की डबा बाहेर काढायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे तीन-चार तास, उघडायचा नाही. लवकर उघडला तर आत हवा शिरते आणि कांड्या पेटून राख होतात. कांडी वाकली तर ती कच्ची राहिली, हातात घेताच चुरली तर जास्त भाजली. चुलीपाशी फक्त शिक्षक. जळणात काजूची टरफलं घालू नका, त्यांतलं तेल उडून कातडी भाजते आणि धूर डोळ्यांना झोंबतो.

दुसरा आठवडा लाल मातीचा. आवारातली माती दोन ओंजळी घ्या, बादलीभर पाण्यात कालवा, मिनिटभर थांबा. जाड वाळू खाली बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाकलं की खाली लोण्यासारखा लाल गाळ उरतो. तो ताटात पसरून वाळवा आणि वस्त्रगाळ करा. दुसरीकडे बाभळीचा डिंक 1 भाग, पाणी 2 भाग असं रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. मातीची पूड 2 भाग आणि डिंकाचं पाणी 1 भाग घेऊन काचेवर वाटीच्या बुडाने घोटा. सलग 15 मिनिटं घोटायचं, हे काम अस्वस्थ हातांना फार मानवतं. कागदावर लावा, वाळू द्या, बोट फिरवा. बोटाला पूड लागली तर डिंक कमी पडला. रंग चकाकून त्याच्या खपल्या निघाल्या तर डिंक जास्त झाला. दोन थेंब मध घातला तर रंग तडकत नाही, दोन थेंब लवंगेचं तेल घातलं तर बुरशी लांबते. आपल्या दमट हवेत तेलाशिवाय डिंकाचं पाणी तीन दिवसांतच नासतं. पांढऱ्यासाठी खडूची पूड, काळ्यासाठी काजळी. चुना वापरू नका, हात आणि डोळे पोळतात. हळदीचा पिवळा सुंदर दिसतो पण उन्हात उडून जातो, हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर महिन्याभराने कुणीतरी तुमच्यावर खोटारडेपणाचा आरोप करील.

एवढा खटाटोप का, रंगाच्या डब्या विकत मिळतात की, असं कुणी म्हणेल. डब्या घ्याच, पण हा आठवडा सोडू नका. चित्रात "मला येत नाही" म्हणणारा मुलगा रंग घोटताना असं म्हणत नाही. आणि त्याच्या हातचा रंग दुसऱ्या चार जणांनी वापरला की वर्गात त्याची जागा तयार होते.

तिसऱ्या आठवड्यात ठसे: फणसाचं पान, भेंडीची चकती, सुपारीचं सोप, नारळाच्या जाळीचा तुकडा. चौथा ते सहावा आठवडा एका मोठ्या कामासाठी राखून ठेवा, आणि ते काम म्हणून आम्ही गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, सुचवतो.

गंजिफा: दहा मुलांचा एक संच

सावंतवाडीची गंजिफा गोल पत्त्यांची असते. दशावतारी संचात 120 पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात 12 पत्ते: एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा. मासा, कासव, परशू अशी प्रत्येक रंगाची खूण. दहा मुलांनी प्रत्येकी एक रंग केला की संच पुरा. खूण अवतारांचीच हवी असं नाही. मुलांनी होडी, फणस, कोंबडा, एसटीचं चाक असं काहीही निवडावं, दहा खुणा वेगळ्या असल्या म्हणजे झालं.

अशा मुलांसाठी हे काम का चांगलं? पत्ता 8 सेंटीमीटरचा. बिघडला तर एकच पत्ता बिघडतो, संपूर्ण चित्र वाया जात नाही. तीच खूण पुन्हा पुन्हा काढायची असल्यामुळे हात सुधारतो, आणि दहावा पत्ता पहिल्याशेजारी ठेवला की मुलाला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. कुणी सांगावं लागत नाही.

खळ अशी करा. पाव किलो चिंचोके भाजून साल काढा, रात्रभर भिजवा, बारीक वाटा. दोन लिटर पाण्यात मंद आचेवर, ढवळणं न थांबवता, अर्धा-पाऊण तास शिजवा. पळीवरून तार सुटू लागली की फडक्यातून गाळा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी आहे, या वर्गात नकोच. लवंगेचं तेल घाला आणि दोन दिवसांत खळ संपवा.

वर्तमानपत्राचे चार थर आणि वरून-खालून चित्रकलेचा कागद, प्रत्येक थराला खळ लावून हवा दाबून काढत चिकटवा. वर प्लॅस्टिक, त्यावर फळी आणि फळीवर एक चिरा, 24 तास. मग सावलीत दोन दिवस. उन्हात ठेवलं तर पापडासारखं वाकतं. पुरेसं वाळण्याआधी वजन काढलं तरी तेच. वाळल्यावर खडूची पूड खळीत कालवून दोन हात द्या आणि शंखाच्या किंवा कवडीच्या पाठीने घासा, पृष्ठभाग गुळगुळीत होतो. त्यानंतर वाटी ठेवून गोल आखा आणि कापा. प्रत्येकाला 12 ऐवजी 15 चकत्या द्या, तीन बिघडण्यासाठी. हे "बिघडण्यासाठी" असं स्पष्ट बोलून द्या. रंगवून झाल्यावर लाखेचं रोगण लावायचं असेल तर त्यात स्पिरिट असतं, म्हणून ते काम शिक्षकाने मुलांच्या माघारी, शाळेच्या फाटकाबाहेर करावं. नाहीतर मेणबत्ती घासून मऊ फडक्याने चोळलं तरी पत्ते टिकतात.

एखादं मूल मध्येच शाळा सोडून गेलं तर? त्याचे 12 पत्ते त्याच्याबरोबर जातील. ही गोष्ट काम सुरू करतानाच सगळ्यांना सांगा. खेळ अडत नाही. तिघांनी खेळायच्या या डावात 120 पत्ते असले तर प्रत्येकी 40, आणि नऊ रंगांचे 108 असले तर प्रत्येकी 36.

माती

शाडूचं काम ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर मुठीपेक्षा मोठी वस्तू करू नका, वाळतच नाही आणि पोटात हिरवी बुरशी धरते. भर पावसात बल्ब आणि पंखे लावून मूर्ती कशा सुकवतात हे बघायला मुलांना गावातल्या गणपतीच्या चित्रशाळेत न्या. अशा फेरीतून मोठ्या मुलांना पुढे कामाची ओळखही होऊ शकते.

दहा मुलांना 15 किलो कोरडा शाडू. पसरट घमेल्यात माती, वर हळूहळू पाणी, रात्रभर तशीच. सकाळी तिंबा. पाच किलोला एक मूठ बारीक कातरलेला काथ्या किंवा पिंजलेला कापूस घाला, त्याने तडे कमी जातात. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. चिरली तर पाणी कमी आहे, चिकटली तर जास्त. दोन भाग जोडताना दोन्ही बाजू काट्याने ओरखडा, मातीचं दाट पाणी लावा आणि दाबून हलवा. नुसतं चिकटवलेलं मुंडकं वाळताना हमखास पडतं, आणि पडलं की मुलाला वाटतं कुणीतरी मुद्दाम पाडलं. भांडणं इथून सुरू होतात. जाड वस्तू खालून पोखरून भिंत दोन सेंटीमीटरची ठेवा. पहिले दोन दिवस ओलं फडकं आणि सैल प्लॅस्टिक, मग सावली. वाळलेल्या वस्तूच्या तड्यात ओली माती भरू नका, ती आकसून गळून पडते. कागदाचा लगदा पातळ शाडूत कालवून भरा.

माती फळीवर आपटून सारखी करायची असते. शाडू भट्टीत जात नाही, त्यामुळे आत हवा राहून फुटण्याची भीती नाही, पण आपटल्याने ओलावा सगळीकडे सारखा होतो. मुलांना हे काम आवडतं. त्याने राग निघून जातो असा मात्र समज करून घेऊ नका. आपटत राहिलं तर राग चढतोही. मोजून 20 वेळा, दुसऱ्याने मोजायचं, मग थांबायचं.

काही मुला-मुलींना ओल्या मातीचा स्पर्श सहन होत नाही, अंगावर शहारे येतात किंवा मूल एकदम गप्प होतं. आग्रह नको. चमचा, लाटणं, हातमोजे द्या, नाहीतर त्या दिवशी दुसरं काम.

नाटक आणि ताल

पावसाळ्यातले चार महिने नाटक-गाण्याचे. सिंधुदुर्गातला दशावतार इथे फार उपयोगी पडतो. त्यात लिहिलेली संहिता नसते. कथानक आणि प्रवेशांचा क्रम ठरलेला, संवाद नट जागच्या जागी बोलतात. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला पाठांतराची धास्ती राहत नाही. तो मालवणीत बोलो, कातकरीत बोलो की हिंदीत, चालतं.

आख्यान सांगा. फळ्यावर सहा-सात प्रवेश लिहा. प्रत्येक पात्राला तीनच गोष्टी ठरवून द्या: कुठून आला, काय हवंय, काय मिळाल्याशिवाय जाणार नाही. बाकी मुलं भरतात. लढाई हातभर अंतरावरून, पखवाजाच्या ठेक्यावर, मोजून पावलं टाकत. दशावतारातली लढाई नाचूनच होते, त्यामुळे हा नियम मुलांना लादलेला वाटत नाही. सगळ्यांत तापट मुलाला पहिल्याच वेळी राक्षस करू नका, राक्षसाचं काम त्याला घरीही पुष्कळदा दिलेलं असतं. प्रयोगानंतर रूप उतरवण्याला 15 मिनिटं ठेवा: खोबरेल तेलाने रंग पुसायचा, तोंड धुवायचं, स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायचं, पाणी प्यायचं. हे वगळलं तर नाटकातलं भांडण रात्री वसतिगृहात जातं. चेहऱ्याला झिंक ऑक्साइडची पांढरी पूड खोबरेल तेलात कालवून लावा, आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. शेंदूर चेहऱ्याला नको, त्यात शिसं किंवा पारा असू शकतो.

रत्नागिरीकडे जाखडी जास्त जवळची. वादक-गायक मध्ये, नाचणारे भोवती गोल, पायात चाळ. गोलात पुढे-मागे कुणी नसतं, म्हणून लाजाळू मूलही नाचतं. जाखडीतल्या शक्ती आणि तुरा या दोन पक्षांमधले सवाल-जवाब मात्र जपून. आई-बाप, जात, कोर्ट आणि आधीचं गाव यांवर सवाल करायचा नाही, हा नियम आधीच घाला.

पखवाजाला डाव्या बाजूला कणीक लागते. ती मळून, थापून, वाजवून स्वर बघणं आणि शेवटी खरवडून काढणं हे काम एकाच मुलाकडे महिनाभर द्या. पावसात चामडं सैल पडतं, म्हणून वाद्य गोधडीत गुंडाळून चुलीच्या खोलीत, आचेपासून लांब ठेवा. ढोल वाजवण्याआधी नेहमी सांगा. अचानक मोठ्या आवाजाने दचकून टेबलाखाली जाणारी मुलं असतात.

पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला) आणि चामडी छायाबाहुल्यांची परंपरा कुडाळजवळच आहे. परशुराम गंगावणे यांना 2021 साली त्यासाठी पद्मश्री मिळाली. पडद्यामागे चेहरा झाकलेला राहतो, म्हणून जे मूल रंगमंचावर उभं राहत नाही ते बाहुली धरून बोलतं. चामड्याऐवजी जाड पुठ्ठा, बांबूची काडी, जुनं पांढरं धोतर आणि एक बल्ब पुरतो. बल्ब आणि पडदा यांत किमान हातभर अंतर ठेवा.

बाहेरून कलावंत बोलावलात तर मानधन द्या आणि आधी अर्धा तास त्यांच्याशी बोला. मुलाला "इथं कशापायी आलास?" विचारायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणा मुलाबरोबर एकट्याने बसायचं नाही.

मूल काही बोललं तर

हात कामात असले की मुलं बोलतात. कधी कधी अत्याचाराबद्दल बोलतात. त्या क्षणी काम थांबवू नका, चेहरा स्थिर ठेवा. "सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. हे मला एकट्याकडे ठेवता येणार नाही, पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगीन." एवढंच बोला. खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. गुपित ठेवण्याचं वचन तर मुळीच देऊ नका. तास संपल्याबरोबर मुलाचेच शब्द, तारीख आणि वेळ लिहून काढा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. अधीक्षकांना सांगितलं म्हणजे जबाबदारी संपली असं होत नाही. 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे. जीव द्यायचं बोलणं, स्वतःला केलेल्या जखमा, किंवा नाव घेऊन कुणाला मारण्याचं चित्र दिसलं तर त्याच दिवशी समुपदेशकाकडे जा. त्या वेळी मूल एकटं राहणार नाही हे बघा. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे.

नुसती सुरी, रक्त, कवटी काढली म्हणून मात्र घाबरू नका. पंधरा वर्षांची मुलं ते काढतातच. गँगची खूण, कुणाचा अपमान, नग्न चित्र यांबद्दल नियम एकच: काढलंस तर पाकिटात राहील, भिंतीवर लागणार नाही.

प्रदर्शन, परीक्षा, आणि निघताना

बालन्याय कायदा, 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलांचं नाव, फोटो, शाळा, पत्ता किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. कलाशिक्षकाचं व्हॉट्सॲप स्टेटसही त्यात आलं. देणगीदाराला पाठवायला फक्त वस्तूचा फोटो काढा, मागे मूल किंवा शाळेची पाटी नको. ग्रामपंचायतीच्या सभागृहात प्रदर्शन भरवलं तर चित्राखाली मुलाने निवडलेलं टोपणनाव. कुठलं काम लावायचं हे मुलाला विचारा आणि आदल्या दिवशी पुन्हा विचारा. "नाही" म्हटलं तर कारण मागू नका. विक्री केली तर पैसे कुणाचे हे आधी लिहून ठेवा.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा काही मुलांना मानवतात, आणि दहावीला गुणांचा फायदाही होतो. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन अशी तयारी लागते. वर्गात किमान सहा महिने काढलेल्या आणि स्वतःहून विचारणाऱ्या मुलालाच बसवा. शाळा सुटलेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेत दहावीला चित्रकला हा विषय घेता येतो.

गणपतीला आणि शिमग्याला बहुतेक मुलं घरी जातात. जी जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी कलेची खोली त्या दिवसांत उघडी राहिलीच पाहिजे. शिक्षकांच्या रजा त्याप्रमाणे लावा. मखर, पताका, संकासुराचा मुखवटा ही कामं नेमकी या दिवसांसाठी शिल्लक ठेवा.

मूल शाळा सोडतं तेव्हा आदेश बऱ्याचदा सकाळी येतो आणि दुपारी गाडी निघते. म्हणून प्रत्येकाचं काम कायम बांधायच्या स्थितीत असू द्या. चित्रं गुंडाळून प्लॅस्टिकमध्ये, मग प्लंबरकडे मिळणाऱ्या तीन इंची पीव्हीसी पाइपच्या दोन फुटी तुकड्यात, दोन्ही टोकांना झाकणं. पावसात एसटीच्या टपावर ठेवली तरी भिजत नाहीत. पत्ते बिस्किटाच्या डब्यात. शाडूची वस्तू पेंढ्यात, नाहीतर तिचा फोटो छापून पाइपात. जे मुलाने मागे ठेवलं ते वर्षभर सांभाळा. त्यानंतर कागद मुलाच्या पाकिटासकट बंद करून अधीक्षकांकडे द्या, आणि माती पाण्यात भिजत घाला.